रिकाम्या स्लॉटने काय कबूल केले होते?

प्रश्न : मी धायरीला राहते आणि घरूनच इंटीरियर डिझायनरांना थ्रीडी चित्रे तयार करून देते. १८ जून २०२४ रोजी तपकीर गल्लीजवळच्या एका दुकानातून मी एका मोठ्या कंपनीचा तयार डेस्कटॉप १ लाख ३२ हजार रुपयांना घेतला. तोच प्रोसेसर आणि तेवढीच रॅम असलेले त्याच कंपनीचे दुसरे मॉडेल १ लाख ४ हजारांना मिळत होते. पण मी काय काम करते हे ऐकून दुकानदार म्हणाले, ‘‘मॅडम, ते घेतलंत तर तीन वर्षांत बदलावं लागेल. हे घ्या, ह्यात पुढे सगळं वाढवता येतं, पाच वर्षं बघायला नको.’’ माहितीपत्रकावर ‘भविष्यासाठी सज्ज’, ‘रॅम ६४ जीबीपर्यंत वाढवता येते’ आणि ‘ग्राफिक्स कार्ड व प्रोसेसर बदलण्याची सोय’ असे इंग्रजीत छापलेले आहे. या जानेवारीत काम वाढले म्हणून मी मशिन अपग्रेड करायला नेले, तेव्हा सर्व्हिस सेंटरने सांगितले की हा मदरबोर्ड ३२ जीबीच्या वर रॅम ओळखत नाही. एसएमपीएस (मशिनला वीज पुरवणारा भाग) ३१० वॅटचा आणि कंपनीच्या खास मापाचा असल्यामुळे मोठे ग्राफिक्स कार्ड चालणार नाही, बाजारातला दुसरा एसएमपीएस आत बसणार नाही आणि नव्या पिढीचा प्रोसेसर तर या सॉकेटात (प्रोसेसर बसतो त्या खोबणीत) जातच नाही, असेही ते म्हणाले. कंपनीने ईमेलने कळवले की एक वर्षाची वॉरंटी संपली आहे आणि अपग्रेड ही ‘केवळ शक्यता’ असल्याने कंपनी त्यास बांधील नाही. दुकानदारांनी हात वर केले आहेत. कंपनीला शब्द पाळायला लावता येईल का?

उत्तर : तुमच्या पत्रात तीन वेगवेगळ्या तक्रारी एकत्र बांधल्या गेल्या आहेत. त्या आधीच सुट्या केल्या नाहीत, तर कंपनीचा वकील त्यांतली सर्वांत कच्ची तक्रार पुढे ओढील आणि बाकीच्या दोन्हीही तिच्याबरोबर निकालात काढायला पाहील. रॅमच्या बाबतीत कंपनी बांधील आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ग्राफिक्स कार्डाच्या बाबतीत तुमची बाजू चांगली आहे, पण ती पुराव्यानिशी मांडावी लागेल. प्रोसेसरचा आग्रह मात्र तुम्ही सोडून द्यावा, आणि तो तक्रार अर्जात मुळीच येऊ देऊ नये, असा माझा सल्ला आहे.

आधी वॉरंटीचा मुद्दा बाजूला करू, कारण त्याला फार वेळ देण्याची गरज नाही. वॉरंटी असते ती चालत असलेली वस्तू बंद पडली तर ती दुरुस्त करून देण्यासाठी. तुमची वस्तू बंद पडलेली नाही. ती जशी आहे म्हणून सांगून विकली गेली, तशी ती पहिल्या दिवसापासूनच नव्हती, एवढेच तुमचे म्हणणे आहे, आणि त्या म्हणण्याचा वॉरंटीच्या एका वर्षाशी संबंध नाही.

आता रॅम. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या दुसऱ्या कलमात ‘दोष’ या शब्दाची व्याख्या दिली आहे, ती मुद्दाम शांतपणे वाचावी अशी आहे. कायद्याने किंवा करारानुसार, मग तो करार व्यक्त असो वा गर्भित, मालाची जी गुणवत्ता, प्रमाण किंवा दर्जा राखणे आवश्यक असते, किंवा व्यापाऱ्याने मालाविषयी ‘कोणत्याही रीतीने’ जो दावा केलेला असतो, त्यात राहिलेली उणीव म्हणजे दोष, असा तिचा आशय आहे. आणि व्यापारी या शब्दात उत्पादकालाही गणलेले आहे. ‘६४ जीबीपर्यंत’ हा छापील आकडा आहे. बोर्ड ३२ वरच थांबत असेल, तर उरलेल्या ३२ जीबीची उणीव या व्याख्येत सरळ बसते, आणि त्यासाठी गर्भित आश्वासनाच्या खोल पाण्यात उतरण्याचीही गरज नाही.

मात्र तक्रार करण्यापूर्वी एका गोष्टीची खात्री करून घ्या. सर्व्हिस सेंटरने प्रत्यक्ष रॅमच्या स्टिक लावून पाहिल्या, की संगणकावरचा तक्ता पाहून उत्तर दिले? जुन्या बायोसमुळे (मशिन सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमुळे) मोठ्या क्षमतेची स्टिक ओळखली जात नाही आणि बायोस अपडेट केल्यावर तीच स्टिक ओळखली जाते, असे पुष्कळदा घडते. म्हणून पुन्हा एकदा मशिन घेऊन जा आणि कोणत्या स्टिक लावल्या, बायोसची आवृत्ती कोणती होती आणि मशिनने किती रॅम दाखवली, या तिन्ही गोष्टी जॉबशीटवर लिहून घ्या. काउंटरवरच्या मुलाचे तोंडी उत्तर ग्राहक आयोगापुढे उभे राहत नाही.

ग्राफिक्स कार्डाच्या बाबतीत छापील आकडा नाही, ‘बदलण्याची सोय’ एवढेच शब्द आहेत, आणि खरी कसोटी इथेच लागते. कंपनी म्हणेल की सोय आहेच: कार्ड बसवायची खाच, म्हणजे स्लॉट, आहे, त्यातले कार्ड काढता येते आणि त्याच ताकदीचे दुसरे लावता येते. यावर उत्तर द्यायचे असेल तर वीज बंद करून कॅबिनेटचे बाजूचे झाकण उघडा आणि आत नीट पाहा. मदरबोर्डावरच्या त्या लांब स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट वीज मिळते. त्याहून अधिक लागणाऱ्या कार्डाला एसएमपीएसमधून वेगळी वायर जोडावी लागते. सहा पिनांची वायर आणखी ७५ वॅट देते, आठ पिनांची १५० वॅट. तुमच्या एसएमपीएसमधून यांपैकी एकही वायर बाहेर येत नसेल, आणि त्याच्या जागी दुसरा एसएमपीएस बसवता येऊ नये अशी त्याची घडण असेल, तर या मशिनमध्ये ७५ वॅटच्या वरचे कोणतेही कार्ड कधीच चालणार नव्हते. थ्रीडीच्या कामाला उपयोगी पडतील अशी बहुतेक कार्डे या मर्यादेच्या वरची आहेत. हे सारे कंपनीला माहितीपत्रक छापण्याच्या दिवशीच ठाऊक होते.

माझ्या मते सगळा निवाडा या फरकावर आहे. पुढे जे घडेल असे वाटले होते ते घडले नाही, तर त्याबद्दल विकणाऱ्याला जबाबदार धरणे कठीण असते. पण विक्रीच्या दिवशीच जे अशक्य होते ते शक्य म्हणून सांगितले, तर त्याला ‘केवळ शक्यता’ म्हणता येत नाही. कायद्यातल्या ‘दिशाभूल करणारी जाहिरात’ या व्याख्येत गर्भित प्रतिपादनाचा उल्लेख स्पष्ट शब्दांत आहे आणि महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणेही तीत येते. तो लांब स्लॉट, माहितीपत्रकातले ‘बदलण्याची सोय’ हे शब्द आणि एसएमपीएसच्या मर्यादेबद्दल संपूर्ण मौन, ही तिन्ही एकत्र ठेवली तर सामान्य ग्राहकाच्या मनात जो समज होईल तोच तुमचा झाला, असे तुम्हांला म्हणता येईल.

याला मालविक्री अधिनियम, १९३० च्या सोळाव्या कलमाचीही जोड आहे. वस्तू कोणत्या कामासाठी हवी हे खरेदीदाराने सांगितले असेल आणि विक्रेत्याच्या जाणकारीवर विसंबून त्याने ती घेतली असेल, तर त्या कामाला ती योग्य असावी, ही अट न लिहिताही करारात येते. याच कलमात एक अपवाद आहे: ग्राहकाने विशिष्ट वस्तू तिच्या व्यापारी नावाने मागून घेतली असेल, तर ही गर्भित अट लागू होत नाही. तुम्ही मॉडेलचे नाव घेऊन दुकानात गेला नव्हता. तुम्ही काम सांगितले आणि मॉडेल दुकानदारांनी निवडले. त्यामुळे तक्रारीत हा संवाद त्याच क्रमाने लिहा. व्हॉट्सअ‍ॅपवर त्यातले काही आले असेल, तर तो फोन विकू नका, आणि स्क्रीनशॉटबरोबर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे लागणारे प्रमाणपत्र जोडा. आयोगाचे कामकाज साक्षीपुराव्याच्या नियमांनी दिवाणी न्यायालयाइतके जखडलेले नसले, तरी हरकतीला जागा कशाला ठेवा?

माहितीपत्रकाच्या तळाशी भिंगातून वाचावी लागणारी ओळ असेलच: ‘पूर्वसूचना न देता तपशिलात बदल होऊ शकतो.’ ही ओळ कंपनीला पुढच्या उत्पादनात बदल करू देते. तुम्हांला विकून झालेल्या मशिनचा तपशील ती मागाहून बदलू शकत नाही. शिवाय केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये जाहिरातींसाठी काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत असे सांगितले आहे की खुलाशाची ओळ मुख्य दाव्याला छेद देणारी नसावी आणि दिशाभूल करणारा दावा दुरुस्त करण्यासाठी तिचा वापर करू नये.

आता प्रोसेसर. तुम्हांला हा मुद्दा सोडा म्हणताना मला थोडे वाईट वाटते, कारण या वाटेवर मी स्वतः ठेच खाल्ली आहे. १९९४ मध्ये मी इंटेलच्या ४८६ प्रोसेसरचे एक मशिन घेतले. विक्रेत्याने झाकण उघडून मला सॉकेट दाखवले होते. चिप मधोमध बसलेली होती आणि तिच्या चारही बाजूंना रिकाम्या छिद्रांची एक रांग होती. ‘‘पुढची मोठी चिप येईल तिच्यासाठी ही जागा,’’ असे तो म्हणाला, आणि ते खोटे नव्हते. इंटेलने त्या जागेसाठी पेंटियम ओव्हरड्राइव्ह ही चिप फेब्रुवारी १९९५ मध्ये खरोखरच बाजारात आणली. पण मी चौकशीला गेलो तोवर तिची किंमत आणि नव्या मशिनची किंमत यांचा हिशोब केला, तर शहाणा माणूस नवेच मशिन घेईल अशी स्थिती होती. ती छिद्रांची रांग मशिन भंगारात जाईपर्यंत रिकामी राहिली. कोणाविरुद्ध तक्रार करणार? जे कबूल केले होते ते घडले होते.

पुढच्या काळात तर सॉकेटाच्या नावावरही विसंबता येईनासे झाले. २०१७ मध्ये इंटेलने आठव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर आणले. त्यांचे सॉकेट आधीच्या दोन पिढ्यांसारखेच ११५१ पिनांचे होते, तरी जुन्या बोर्डावर ते चालत नव्हते आणि नवा बोर्ड घ्यावा लागत होता. सॉकेट तेच, म्हणून प्रोसेसर चालेल, हा ग्राहकांचा समज होता. कंपनीने तसे लिहून दिलेले नव्हते. एएमडी या प्रोसेसर बनवणाऱ्या दुसऱ्या कंपनीची गोष्ट याच्या उलट झाली. एएम४ हे सॉकेट २०२० पर्यंत चालवू, असे ती कंपनी उघडपणे सांगत आली होती. मे २०२० मध्ये तिने जाहीर केले की पुढचे प्रोसेसर बी४५० आणि एक्स४७० या बोर्डांवर चालणार नाहीत, तेव्हा ग्राहकांनी इतका गहजब केला की त्याच महिन्यात कंपनीला तो निर्णय फिरवावा लागला. तिथे न्यायालयाचा संबंध आला नाही. पण कंपनीने साल घालून दिलेला शब्द ग्राहकांच्या हाती होता, म्हणून त्यांच्या ओरडण्याला वजन आले.

तुमच्या माहितीपत्रकात साल नाही, पिढी नाही, सॉकेटाचा उल्लेख नाही. ‘प्रोसेसर बदलण्याची सोय’ याचा अर्थ त्याच पिढीतला वरचा प्रोसेसर बसवता येतो, असा लावला तर तो तर्काला सोडून नाही, आणि तुमच्या सॉकेटात तसा प्रोसेसर बसत असेल तर कंपनीचे म्हणणे मान्य होईल. ज्या चिपा जून २०२४ मध्ये बाजारात आल्याच नव्हत्या, त्यांच्याबद्दल कंपनीने काही कबूल केले होते, हे तुम्हांला सिद्ध करता येणार नाही.

‘भविष्यासाठी सज्ज’ आणि ‘पाच वर्षं बघायला नको’ या दोन वाक्यांवरही भिस्त ठेवू नका. कायदा यांना व्यापाऱ्याची बढाई समजतो. लॉ कॉलेज रोडवरच्या आयएलएस विधी महाविद्यालयात पहिल्या वर्षाला बसलेल्या कोणालाही कार्बोलिक स्मोक बॉल कंपनीचा १८९२ सालचा इंग्लंडमधला खटला आठवत असेल. आमचे औषध वापरूनही इन्फ्लुएंझा झाला तर शंभर पौंड देऊ, अशी त्या कंपनीची जाहिरात होती, आणि खटला उभा राहिल्यावर ती नुसती बढाई होती असा तिने बचाव केला. न्यायालयाने तो मानला नाही, कारण रक्कम निश्चित सांगितली होती आणि आपण गांभीर्याने बोलत आहोत हे दाखवायला बँकेत एक हजार पौंड ठेवल्याचेही त्याच जाहिरातीत लिहिले होते. तुमच्या माहितीपत्रकात अशी निश्चित गोष्ट ६४ जीबी ही आहे. तक्रारीचा पहिला परिच्छेद तिच्यापासूनच सुरू करा.

मागणी काय करावी, याबद्दल तुम्ही काही लिहिलेले नाही, आणि पुष्कळ चांगल्या तक्रारी इथेच बिघडतात. २००६ मध्ये अमेरिकेत अनेक संगणकांवर ‘विंडोज व्हिस्टा केपेबल’ असे स्टिकर लावून ते विकले गेले. त्यांतल्या पुष्कळ मशिनांवर व्हिस्टाची फक्त सर्वांत साधी आवृत्ती चालत होती आणि जाहिरातीतला चकचकीत पडदा दिसतच नव्हता. २००७ मध्ये ग्राहकांनी मायक्रोसॉफ्टवर खटला भरला, २००८ मध्ये तो सर्व ग्राहकांच्या वतीने चालवायला परवानगी मिळाली, आणि फेब्रुवारी २००९ मध्ये ती परवानगी काढून घेतली गेली. त्या स्टिकरमुळे सरसकट सर्व ग्राहकांनी मशिनसाठी जास्त पैसे मोजले, हे त्यांना दाखवता आले नव्हते.

तुमच्या बाबतीत ही अडचण नाही. तोच प्रोसेसर, तेवढीच रॅम आणि त्याच कंपनीचे शिक्के असलेली दोन मॉडेल दुकानात शेजारी शेजारी होती, आणि दोहोंमध्ये २८ हजार रुपयांचा फरक होता. हा फरक तुम्ही वाढवता येण्याच्या सोयीसाठी मोजला, असे तुम्हांला म्हणता येते. दुसऱ्या मॉडेलची जून २०२४ मधली किंमत दाखवणारे कोटेशन, दरपत्रक किंवा जाहिरात मिळवा. या प्रकरणात तुमच्या बिलाइतकाच महत्त्वाचा कागद तो आहे. दोन्ही मॉडेलांच्या तपशिलात कॅबिनेट, डिस्क वगैरे आणखी काही फरक असेल, तर तो स्वतःहून मान्य करा आणि तेवढी रक्कम वजा करा. मागणी अशी ठेवावी: ६४ जीबी रॅम ओळखणारा बोर्ड आणि मोठे कार्ड पेलणारा एसएमपीएस विनामूल्य बसवून द्यावा, ते शक्य नसेल तर किमतीतला फरक परत करावा, त्याशिवाय मनस्ताप आणि तक्रारीचा खर्च यांसाठी माफक रक्कम द्यावी. पूर्ण १ लाख ३२ हजार परत मागण्याचा मोह टाळा. तुम्ही मशिन दीड वर्षाहून अधिक काळ वापरले आहे, आणि हे पहिल्याच सुनावणीत विचारले जाईल.

मशिन व्यवसायासाठी घेतले म्हणून तुम्ही ग्राहकच नाही, अशी हरकत कंपनी बहुधा घेईल. व्यापारी हेतूने घेतलेला माल कायद्याने वगळला आहे हे खरे. पण स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी जो माणूस तो माल स्वतःच वापरतो, त्याला त्याच व्याख्येच्या स्पष्टीकरणात संरक्षण दिले आहे. तुम्ही घरी, एकट्याने काम करता, हे अर्जात लिहा. बिल फर्मच्या नावाने आणि जीएसटी क्रमांकासह घेतले असेल, तर तेही लपवू नका. ते उघड होणारच असते, आणि आधी सांगितले की त्याची धार जाते.

मुदतीकडे मात्र ताबडतोब लक्ष द्या. वादकारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल व्हावी लागते. दोष जानेवारी २०२६ मध्ये कळला, म्हणून तेव्हापासून मोजावे, असा युक्तिवाद करता येईल; पण तो करण्याची वेळ येऊच देऊ नका. बिलाच्या तारखेपासून मोजून १७ जून २०२६ पूर्वी तक्रार नोंदवा. ‘वरिष्ठांकडे पाठवले आहे’, ‘पंधरा दिवसांत कळवतो’ अशी पत्रे येत राहतात, आणि नुसत्या पत्रव्यवहाराने मुदत वाढत नाही. गोड बोलण्यात मे महिना संपलेला आणि हातात काहीच नसलेला, असे ग्राहक मी पुष्कळ पाहिले आहेत.

त्याआधी कंपनी आणि दुकानदार या दोघांनाही एकच नोटीस पोचपावतीसह पाठवा आणि उत्तरासाठी पंधरा दिवस द्या. दुकानदारांना वगळू नका. तुमचे काम ऐकून मॉडेल त्यांनी निवडले होते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली, तर मोठ्या कंपन्या कधी कधी तिथेच तोडगा काढतात. तेवढ्याने भागले नाही, तर पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. कंपनीचे कार्यालय बंगळूरला असो की आणखी कुठे, ग्राहकाला स्वतः राहतो तिथे तक्रार करता येते, आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीला शुल्क लागत नाही. वकील देणे बंधनकारक नाही. मालाच्या तपासणीची गरज नसेल तर तीन महिन्यांत आणि असेल तर पाच महिन्यांत निकाल लावावा, असे कायद्यात म्हटले आहे. प्रत्यक्षात याहून अधिक वेळ लागेल असे धरून चाला. मध्यस्थीचा प्रस्ताव आला तर नाकारू नका. २८ हजारांच्या वादात दोन्ही बाजूंना ती परवडते.

माहितीपत्रक आणि खोके माळ्यावर असेल तर खाली काढून त्यांचे फोटो घ्या, आणि कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलचे पान अजून असेल तर आजच तारखेसह जतन करून ठेवा. कॅबिनेटच्या आतले, एसएमपीएसवरच्या लेबलाचे आणि त्याच्या सगळ्या वायरींचे फोटोही आत्ताच काढा. आणखी एक गोष्ट, कारण तपकीर गल्लीत तुम्हांला हा उपाय कोणी ना कोणी सुचवीलच: हार्ड डिस्कच्या वायरीतून सहा पिनांची जोडणी काढून देणारे अडाप्टर मिळतात, ते लावून मोठे कार्ड चालवून पाहू नका. त्या वायरी एवढ्या विजेसाठी केलेल्या नसतात आणि तापून वितळू शकतात; आणि आयोगाने मशिन तपासणीला पाठवायचे ठरवले, तर ते तुम्ही विकत घेतले त्याच स्थितीत असायला हवे. फोटो काढून झाले की झाकण लावून स्क्रू आवळून टाका.